बॅग कुणाची

परेशभाई भाषणात छान रडवतात. मांडव्याच्या त्यांच्या बंगल्यात, हिरवळीवर, मुंबईहून आलेले पाहुणे पाय पसरून बसले होते आणि गांजा कायदेशीर का व्हावा यावर चर्चा रंगली होती. जेवण माझ्या खानावळीचं होतं, म्हणून ते ज्ञान मलाही फुकटात मिळालं. शंकराला चालतो, साधूला चालतो, शिवरात्रीला भांग चालते, मग गांजाचंच वावडं का? प्रश्न बरोबर होता. राग मला प्रश्नाचा नव्हता, विचारणाऱ्या तोंडाचा होता.

“हा कायदा गरिबांनाच तुरुंगात टाकतो,” परेशभाई म्हणाले. “आमच्याच बंगल्यावरचा मुलगा, गणराज. आज आत आहे.” त्यांचा आवाज कापला. एका बाईंनी डोळे टिपले आणि मग कोलंबी वाढून घेतली.

गणराज माझा धाकटा भाऊ. आमच्याकडे एक खुळचट रीत आहे. शेठ बोटीतून उतरला की बंगल्यावरच्या माणसाने त्याच्या खांद्यावरची बॅग आपल्या खांद्यावर घ्यायची. शेठला ओझं वाहू दिलं तर गावात आपलीच लाज जाते. थर्टी फर्स्टच्या आदल्या दिवशी गणराजने परेशभाईंची बॅग तशीच घेतली. जेट्टीवर पोलिसांची झडती चालू होती. बॅगेत गांजा निघाला, किलोच्या वर. “बॅग कुणाची?” पोलिसाने विचारलं. गणराजने शेठकडे पाहिलं, तर शेठ फोनवर बोलत बोलत पार रस्त्याला लागले होते. नंतर त्यांनी जबाब दिला की ती बॅग आपण कधी पाहिलीच नाही.

परेशभाईंच्या बोलण्यावरच्या टाळ्या थांबल्यावर मी उभी राहिले. “परेशभाई, सोमवारी त्याच्या जामिनाची तारीख हाय. कोर्टात येवढंच सांगा, बॅग तुमची व्हती.”

सगळे एकदम ताटात बघू लागले.

“जागृतीताई,” परेशभाई हसून म्हणाले, “हा विषय पर्सनल नको करूया. लढा मोठा आहे.”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात. पण याला पाषाण तरी कसं म्हणू? दगड निदान जागचा हलत नाही.

सकाळी त्यांची बॅग मीच उचलली. ते नको नको म्हणत राहिले, मी ऐकलं नाही. जेट्टीवर झडती होतीच. हवालदाराने विचारलं, “बॅग कुणाची?” मी ती त्याच्यासमोर खाली ठेवली आणि गप्प उभी राहिले.

“माझी, माझी!” परेशभाई धावत आले. “आत लॅपटॉप आहे, जरा जपून.”

“बघा, बोलता येतंय की,” मी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हटलं. “माझ्या भावाच्या येळेलाच तेवढी जीभ झडली व्हती.”

ते बॅग छातीशी धरून बोटीत चढले. सोमवारी कोर्टात त्यांच्याकडून कुणी आलं नाही. गणराज अजून आत आहे.