लिंबाच्या फांदीवरची पिशवी

साहेब, सुकन्याला आमच्या गावच्या शाळेतून तुम्ही काढलंत. शून्य अलीम सरांच्या पेननं पडलं म्हणून तुमचे हात स्वच्छ राहिले, एवढंच. कागद तुमचा होता, संस्थेच्या कचेरीतून आलेला: ‘विज्ञानाचे उत्तर इंग्रजीखेरीज अन्य भाषेत असल्यास शून्य गुण.’ नेवाशाच्या पलीकडं आडगावात नववीचा सेमी-इंग्रजी वर्ग कसा चालतो, ते बघायला एकदा तरी आलात का?

आला असतात तर कळलं असतं. पुस्तक इंग्रजी, शिकवणं मराठीत. अलीम सर धडा मराठीत फोडून सांगायचे, कारण तसाच तो पोरांच्या डोक्यात शिरायचा. मग परीक्षेच्या आठ दिवस आधी फळ्यावर इंग्रजी उत्तरं लिहून द्यायचे आणि पोरं ती घोकायची. इंग्रजीत एक वाक्य स्वतःचं कसं मांडायचं, हे कुणी शिकवलंच नाही. सरांनीही नाही.

सुकन्या पाथर्डीकडची. सहादेव आणि लंकाबाई ऊसतोडीला जायचे, म्हणून पोरगी संस्थेच्या वसतिगृहात. पहिल्या सत्रात विज्ञानात पास झाली तर तिथली जागा राहणार, नाहीतर आईबापामागं फडावर.

झाडं पानांतून पाणी सोडतात, हा धडा झाला त्या दिवशी तिनं शाळेमागच्या लिंबाच्या फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधली. दुपारी आत थेंब. सगळ्या वर्गाला ओढत नेलं.

"सर, झाडाला घाम आलाय बगा!"

पुढं फळ्यावरचं उतरवून घेताना तिनं विचारलं, "सर, हे पाठच व्हत न्हाई. मला समजलंय ते लिवू का?"

सर हजेरी भरत होते. मान वर न करता म्हणाले, "लिही की. समजलेलंच लिहायचं असतं."

शिक्षक येता-जाता बोलतात तसलं वाक्य. पोरीनं ते खरं धरलं.

पेपरात तिनं फांदी काढली, पिशवी काढली, थेंब काढले आणि खाली मराठीत पानभर लिहिलं. वाळक्या काडीला पिशवी बांधली तर थेंब येत नाहीत, तेही करून बघितल्याचं लिहिलं. बाकीची उत्तरंही मराठीतच. असलं उत्तर सरांना वीस वर्षांत मिळालं नव्हतं. शेजारच्या पार्थनं घोकलेलं उतरवताना मधली ओळ गाळली, अर्थाचा पार चेंदा झाला. पण लिपी इंग्रजी होती. तो पास.

मुख्याध्यापक काकासाहेब म्हणाले, "अलीम, माया बाजूला ठेव. पेपर फेरतपासणीला जातात. तुझ्यावर शेकंल."

अलीम सर घाबरले. त्यांनी सुकन्याच्या सगळ्या पेपरवर शून्य मांडलं.

हेच अलीम लहानपणी बेलापूरच्या शाळेत आले तेव्हा त्यांना मराठी धड येत नव्हती. घरात दखनी. गुरुजी म्हणाले होते, "आधी तुझ्या बोलीत सांग. मराठीत कसं लिहायचं ते आपण मिळून बघू." त्या एका वाक्यावर ते शिक्षक झाले. आणि पेन हातात आलं तेव्हा नेमकं तेच विसरले.

दिवाळीनंतर आईबाप पेटी न्यायला आले. रस्त्यावर टोळीचा ट्रॅक्टर उभा.

"मास्तर, पोरीनं कॉपी केली का?" लंकाबाईनं विचारलं.

"नाही हो ताई. उत्तरं बरोबर होती. मराठीत होती."

सहादेव हसला. "मग बरंय की. उसाला मराठी कळती."

सुकन्या हसली नाही. "सर, तुमीच म्हनले हुते, समजलंय ते लिही."

सरांनी पेटी उचलून ट्रॅक्टरवर ठेवली. ‘चूक माझी’ एवढे दोन शब्द. ट्रॅक्टर वळणाआड गेल्यावर ते तोंडात आले.

मग त्यांनी तुमच्याकडं अर्ज केला. शून्य मी दिलं, चुकलो. पोरीची तोंडी परीक्षा घ्या, इंग्रजी शिकवायची जबाबदारी माझी. पोच मिळाली, उत्तर नाही. टोळी आता कुठल्या फडावर आहे, कुणाला ठाऊक. पिशवी अजून फांदीला आहे, उन्हानं पिवळी पडलेली. सर रोज बघतात, सोडत नाहीत.

साहेब, पानातलं पाणी तिला कळलं होतं. मग विज्ञानात शून्य कशाचं? लेखी उत्तर द्या. कुठल्याही भाषेत द्या, आम्ही वाचू.