पुडक्यातली ऊब

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी नागपूरच्या प्रयोगशाळेचा फोन आला. सडक अर्जुनीच्या हरितगृहातील तिसऱ्या तुकडीत किलोभर पानांमागे एकशे चाळीस मिलिग्रॅम प्रथिन निघाले होते. प्रथिन विकत घेणाऱ्या कंपनीला तीनशे हवे होते. गुरुवारी कापायच्या चौथ्या तुकडीतही ते आले नाही, तर हरितगृह बंद होणार होते.

तंबाखूच्या जातीच्या रोपांत बाहेरचे जनुक सोडायचे आणि गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या तपासणीला लागणारे प्रथिन पानांत तयार करून घ्यायचे, हे तिथले काम. प्रमुख दुर्गेश्वरी रहांगडाले हिने नोंदी पुन्हा पाहिल्या. रोपे तीच, खोलीचे तापमान तेच. तोडणी ते दळणी हे तीन तास मात्र तिने कधी पाहिले नव्हते. त्या वेळी ती आत पाने दळायच्या यंत्राची तयारी करत असे. दुपारी तिसऱ्या तुकडीच्या उरलेल्या रांगेची तोडणी होती. ती तिथे जाऊन उभी राहिली.

तोडणी सांभाळणाऱ्या नंदाबाई सत्तर पानांचा पुडका करकचून बांधत होत्या, विडीच्या तेंदूपत्त्याचा बांधतात तसाच. पुडके पोत्यात जात होते.

"काकू, हे काऊन बांधून राहिल्या?"

"मंग का सुटे फेकू? तीस सीझन तेंदू तोडला मी. माया पुडक्यात एक पान कमी निंगालं त सांग."

दुर्गेश्वरीने पोत्यातल्या मधल्या पुडक्यात थर्मामीटर खुपसला. चौतीस अंश. खोलीत बावीस होते.

"तोडलं तरी पान श्वास घेते, काकू. दाबलं का तापते. तापलं का प्रथिन तुटते."

"आन हे आज सांगून राहिली? चार महिने मशीनसंगच संसार केला, आमच्याकडे पाहाले फुरसत नाही मॅडमले!"

बाकीच्या बाया हसल्या. दुर्गेश्वरी हसली नाही. "चूक माझी. गुरुवारी पुडका बांधायचा नाही."

"नाही बांधत. पण आयक. खालचं पान जून असते, हाताले कळते. ते वरच्यात मिसळू नको."

"वेगळं ठेवा. वेगळं मोजू."

गुरुवारी सकाळी सहाला तोडणी सुरू झाली. दहा रोपे झाली की ट्रे थेट यंत्राकडे. तोडणी ते दळणी सात मिनिटे. वेळ नंदाबाई स्वतः पाहत होत्या. साडेनऊला वरच्या आणि खालच्या पानांचे दोन नमुने बर्फाच्या डब्यातून नागपूरला निघाले.

चारला खालच्या पानांचा आकडा आला : दोनशे दहा. कंपनी दोन्हींची सरासरी धरणार होती; म्हणजे वरच्या पानांत तीनशे नव्वद तरी हवे होते. वरच्या पानांची तपासणी संध्याकाळी सातपर्यंत पूर्ण झाली नव्हती.