पाच खांबांचा नकाशा

रविवारी सकाळी साडेआठला बागेतला पहिला खांब नकाशात गेला. त्याच्यामागे नीरजा शेटेही गेली, कारण मी तिला तोच शोधायला पाठवलं होतं.

आमच्या बागेत पाच खांब कायमचे रोवलेले आहेत. प्रत्येकावर एक क्रमांक आणि एक अक्षर. नकाशा वाचत खांब गाठायचा, अक्षर पेन्सिलीने कार्डावर लिहायचं आणि पुढच्या खांबाकडे निघायचं. शेवटाची खूण म्हणजे नकाशावर एकात एक दोन वर्तुळं. ती मी बसते त्या बाकापाशी आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी मी मुलांना हा खेळ शिकवते. त्या दिवशी बाकीच्यांची परीक्षा होती, म्हणून एकटी नीरजा आली होती. वय नऊ.

नकाशा माझ्या मांडीवर होता. ती त्यात अबोलीच्या वाफ्याशी उभी होती, तिळाएवढी. बागेत वाफा होता तिथे आता कोऱ्या कागदासारखं पांढरं होतं.

“बाई,” कागदातून आवाज आला, “मी कुठे आहे?”

हे मी कुणालाच सांगत नाही. मूल चुकलं तरी सांगत नाही.

“तुला काय दिसतंय?” मी विचारलं.

“अबोली. खांब. त्याच्यावर ‘च’ आहे.”

“लिही. आणि निघायच्या आधी तुझ्या हातातला नकाशा उत्तरेकडे सरळ लाव.”

शेजारी तिचे बाबा डबा घेऊन बसले होते. “अकराला तिची पोहण्याची बॅच आहे,” ते म्हणाले.

“येईल. शेवट गाठला की मूल परत येतं. आजवर सगळी आली आहेत.”

“डावीकडे वळ, एवढं सांगून टाका ना तिला.”

“सांगितलं तर ती शिकणार नाही.”

“तिची आई पण गणितात असंच करते,” शेटे म्हणाले. “मग दोघी रडत बसतात.”

दुसरा खांब चिंचेखाली होता. नीरजाने तो शोधला तेव्हा चिंच गेली, सावलीसकट, आणि आमच्या डोक्यावर ऊन आलं. तिसऱ्या खांबाबरोबर घसरगुंडी गेली. तिच्यावर एक मुलगा अर्ध्यावर होता, तो उरलेलं अंतर नकाशात घसरला. चौथ्याला पाण्याची टाकी गेली. पाचवा खांब फाटकाशी होता. त्यानंतर रस्त्यावरचे हॉर्न कागदातून ऐकू यायला लागले.

आता आमच्याभोवती सगळं पांढरं होतं आणि मधोमध बाक होता.

तो उरला कारण माझा अंगठा त्याच्यावर होता. आपण जिथे आहोत तिथे नकाशावर अंगठा ठेवायचा आणि उचलायचा नाही, हा मी मुलांना देते तो पहिला धडा. चष्मा पुसायला मी तो एकदाच उचलला. पुन्हा टेकवेपर्यंत बाकाची डावी बाजू गेली होती.

“बाई, इथे अर्धा बाक आलाय,” नीरजा म्हणाली.

शेटे डबा घेऊन माझ्याकडे सरकले. “जरा जागा द्या,” म्हणाले.

अकरा वाजून गेले.

“पाच झाले, बाई. शेवट राहिला.”

“काय दिसतंय?”

“पांढरं. अर्धा बाक. आणि एक मोठा अंगठा.”

“वर्तुळं?”

“एका वर्तुळाची कड दिसतेय. बाकीचं अंगठ्याखाली आहे.”

शेटे माझ्याकडे न बघता म्हणाले, “उचला.”

“उचलला तर उरलेला बाक जाईल. तुम्ही आणि मीही.”

“जाऊ की. ती तिथेच आहे.”

“मग नकाशा कोण धरणार?”

त्यांनी चहूकडे पाहिलं. धरायला कुणी नव्हतं. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा लावलं.

“पोहे गार झाले,” ते म्हणाले. मग कागदाकडे वाकले. “नीरू, दमलीस का?”

“नाही, बाबा. पाय पांढरे झालेत फक्त.”

मी चष्मा सारखा करून पाहिलं. गुडघ्यापर्यंत ती खरंच दिसत नव्हती. शेटेंनीही पाहिलं. माझं मनगट धरण्यासाठी त्यांनी हात पुढे केला आणि तसाच हवेत ठेवला.

“बाई,” नीरजा म्हणाली, “तुम्ही सांगू नका हं. मी काढते शोधून.”

ती माझ्या नखाच्या कडेने एक फेरी चालली, थांबली, कार्ड खिशात घातलं. पेन्सिल तिने दोन्ही हातांत धरली, टोक खाली करून, आणि ती अंगठ्याखाली सरकवून अंगठा वर रेटायला लागली.