नितळ पाण्यातलं गुप्त झाड

मिसिसिपीत ओथा गिलियमला मासा दिसत नसे आणि माशाला ओथा दिसत नसे. गढूळ पाण्यामुळे दोघांचीही अब्रू झाकलेली होती. मिनेसोटातल्या या तळ्याने ती सोय ठेवली नव्हती.

तळं उथळ. सगळ्यात खोल जागी बारा फूट, आणि तळाचे शिंपलेसुद्धा मोजता यावेत इतकं पाणी नितळ. मंगळवारी सकाळी सहाला ओथा बोटीच्या पुढच्या टोकावर उभा राहिला, तेव्हा त्याच्या पायाखाली चाळीसेक क्रॅपी मासे होते. वीतभर लांब, चंदेरी, अंगावर काळे ठिपके. त्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते निघून गेले. घाईघाईने नव्हे, नको असलेला पाहुणा फाटकाशी दिसल्यावर माणसं आतल्या खोलीत जातात, तसे.

हे व्हायला नको होतं, कारण ओथा जेवणाच्या टेबलावर बोलून बसला होता. त्याची नात मॅरन शाळेतून पास होऊन बाहेर पडत होती आणि शनिवारी दुपारी अंगणात तिचं जेवण होतं. काय खायचंय म्हणून विचारलं तर म्हणाली, "आजी तळायची तसे क्रॅपी." आजीला, म्हणजे इमोजीनला, जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यानंतरच ओथा सत्तराव्या वर्षी मुलीकडे उत्तरेत राहायला आला होता. टेबलावरचे सगळे आपापल्या ताटात पाहू लागले. ते ओथाला सोसलं नाही. "मासे मी आणतो," तो म्हणाला. "शनिवारी कुणी चिकन मागवायचं नाही." आपण गावाकडची क्रॅपीची स्पर्धा तीनदा जिंकलो आहोत, हेही त्याने सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

बुधवारी काही मिळालं नाही. गुरुवारी सकाळी तो गळाची काठी बोटीत ठेवत असताना त्याची मुलगी व्हर्नेल कॉफीचा कप घेऊन बाहेर आली.

"डॅडी, चिकन मी सांगून ठेवलंय."

"कशाला?"

"असू दे. जास्त झालं तर फ्रीजमध्ये टाकू."

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"आहे की. म्हणूनच तीस लोकांचंच सांगितलं."

येणारे लोक बत्तीस होते.

ओथाकडे एक गुपित होतं, आणि त्याचा सगळा भरवसा त्या गुपितावर होता. त्याच्या गावाकडे क्रॅपी धरणारा प्रत्येक माणूस तळ्यात कुठेतरी झाड बुडवतो. मासे त्या फांद्यांत येऊन राहतात. जागा कुणाला सांगायची नसते. ओथाने आपल्या जागा इमोजीनला कधी सांगितल्या नाहीत, आणि पाद्रीबुवांनी विचारलं तेव्हा त्यांना चक्क खोटी जागा सांगितली. इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्याने जावयाने टाकून दिलेलं नाताळचं झाड गोठलेल्या तळ्यावर ओढत नेलं, बुंध्याला सिमेंटचे चार ठोकळे बांधले आणि बर्फ वितळून ते बुडण्याची वाट पाहिली. फक्त इथे झाड बुडवायला तळ्याच्या समितीची परवानगी लागते. ओथाने अर्ज भरला. त्यामुळे फेब्रुवारीपासून त्याच्या गुप्त जागेचा नकाशा, खाली त्याच्या नावासकट, बोटी उतरवायच्या जागी फलकावर टाचलेला होता.

तरीही तो रोज सकाळी आधी उलट्या दिशेला जाई आणि लांबचा वळसा घालून झाडाशी येई. पाण्याखालचं ते झाड तळ्याकाठच्या प्रत्येक ओसरीतून दिसत होतं. एका फांदीला चमकीची झिरमिळी राहून गेली होती. ऊन आलं की ती लकाकायची.

गुरुवारी दहा वाजता तो हात हलवत परत निघाला, तेव्हा शेजारच्या आर्डिस होकान्सन आपल्या लाकडी धक्क्यावर बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात मातकट शर्ट, घडीची खुर्ची झाडाच्या सावलीत. ओथाने बोट धक्क्याशी हळू केली. न बोलता पुढे जाणं बरं दिसलं नसतं.

"कसं काय, मिस्टर गिलियम?"

"ठीक. वाऱ्यामुळे जरा..."

"वारा नाहीये."

"तेच म्हणतोय. थोडा हवा होता."

आर्डिसबाईंनी मान डोलावली आणि धक्क्याला बांधलेली जाळी पाण्यातून वर काढून पाहिली. जाळीत नऊ क्रॅपी होते. ओथाने मोजले, मोजायचे नाहीत असं ठरवूनही मोजले.

"कुठे मिळाले?" त्याच्या तोंडून गेलं. गावाकडे हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण उत्तर खोटंच मिळणार हे सगळ्यांना माहीत असतं.

"तुमच्या झाडाशी," आर्डिसबाई म्हणाल्या. "इथून गळ पोचतो ना. आभार मानायला येणारच होते. झाड फार छान आहे."

"मी तीन दिवस तिथेच आहे. एक लागला नाही."

"हो, पाहते ना मी. तुम्ही गेलात की साधारण चाळीस मिनिटांनी परत येतात. मी घड्याळ लावते."

घरापर्यंत बोट नेताना ओथाने हिशेब मांडला. जागा बरोबर होती. झाड बरोबर होतं. मासे आले होते. तळ्यात चूक अशी एकच गोष्ट होती, आणि ती बोटीच्या टोकावर स्पर्धेत जिंकलेलं लाल जॅकेट घालून उभी होती.

तरी विचारायला जाण्याची त्याची तयारी नव्हती. क्रॅपी कसे धरायचे हे त्याने पंचावन्न वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. उलट न विचारणाऱ्यांनाही सांगितलं होतं. शुक्रवारी पाऊस पडेल आणि पावसावर ढकलता येईल, अशी त्याला आशा होती. संध्याकाळी मॅरन भांडी पुसता पुसता म्हणाली, "आजोबा, मासे नाही मिळाले तरी चालेल. खरंच." ती इतक्या मायेने म्हणाली की ओथाला रात्री झोप लागली नाही.

शुक्रवारी आभाळ निरभ्र होतं. सकाळी साडेपाचला तो आर्डिसबाईंच्या धक्क्यावर चालत गेला.

"मला उद्यासाठी मासे हवेत," तो म्हणाला. "नातीसाठी. मला जमत नाहीये."

त्यांनी दुसरी खुर्ची आधीच उघडून ठेवली होती. त्याला ते आवडलं नाही.

"ते जॅकेट काढा."

"हे मी जिंकलंय."

"माशांना काय त्याचं? काढा. टोपी पण. आणि बूट. धक्क्यावर बूट वाजले की तिकडे झाडापर्यंत कळतं."

ओथा मोज्यांवर बसला. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. गावाहून आणलेल्या आठ काठ्या गॅरेजमध्ये धूळ खात होत्या, कारण इथे एका माणसाला एकच काठी टाकता येते. आणि आता तीही नको म्हणून आर्डिसबाईंनी आपली हातात दिली. दोर केसाइतका बारीक, टोकाला इटुकलं पिसांचं आमिष.

"झाडाच्या पलीकडे टाकायचं आणि हळू ओढत आणायचं. माशाच्या वरून. त्याचे डोळे वर असतात, खालचं त्याला..."

"माहीत आहे मला. मी चाळीस वर्षं लोकांना हेच सांगतोय."

"मग सोपं जाईल तुम्हाला."

पहिला मासा लागला आणि ओथाने गावाकडच्यासारखा हिसका दिला. तिथे बुंध्यांच्या गर्दीतून मासा जाड दोराने उपटून काढावा लागतो. इथे टच् आवाज आला आणि अर्धा दोर वाऱ्यावर गेला.

"तुमच्याकडे मासे धरतात की दात काढतात?" आर्डिसबाईंनी विचारलं आणि नवं आमिष बांधायला घेतलं.

दुसऱ्याचा ओठ फाटला. क्रॅपीचा ओठ कागदासारखा असतो.

"कागदासारखा असतो," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे!"

"मग आत्ता कोण ओढत होतं?"

ओथाने परत आमिष टाकलं आणि चर्चमध्ये बसल्यासारखा शांत बसला. दोर किंचित सैल पडला. त्याने काठी उचलली नाही, नुसतं मनगट वळवलं, आणि ओझं जाणवलं तसं सावकाश चक्र फिरवत राहिला. एवढा वेळ श्वास रोखल्याने त्याचे कान गरम झाले. आर्डिसबाईंनी माशाखाली जाळं धरलं तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

साडेनऊपर्यंत जाळीत सात मासे होते. आर्डिसबाईंनी स्वतःची काठी केव्हाच गुंडाळून ठेवली होती, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

"उद्या या जेवायला," तो म्हणाला.

"मासे पुरतील?"

"नाही. पण चिकन आहे भरपूर." त्या आठवड्यात चिकनचं नाव त्याने पहिल्यांदाच आपणहून घेतलं.

शनिवारी अंगणात बत्तीस लोकांनी चिकन खाल्लं. जावयाच्या काकांनी मासे कसे धरले म्हणून विचारलं, आणि ओथाने सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. काका इतके हसले की त्यांना बसावं लागलं. ओथा मात्र तव्याजवळून हलला नाही. बिडाचा तवा इमोजीनचा होता. परातीत मक्याचं पीठ, लाल तिखट, मिरपूड आणि मीठ, सगळं तिच्यासारखं, निदान त्याला आठवत होतं तसं. सात माशांचे चौदा तुकडे झाले. पहिले चार त्याने कागदावर काढले आणि मॅरनला हाक मारली.

ती आली आणि उभ्यानेच एक तुकडा फुंकर घालून खाल्ला. व्हर्नेल दारात थांबली. ओथाने झारा खाली ठेवला.

मॅरनने सावकाश चावून संपवला. तिचे डोळे भरले होते, पण ते तिखटामुळेही असू शकत होतं.

"आजोबा, आजी मीठ कमी घालायची."

"खरंय," ओथा म्हणाला. "फारच कमी घालायची."

मॅरनने दुसरा तुकडा उचलला. एका चुलतभावाचा हात ताटलीकडे आला, तर तिने त्याच्या मनगटावर चापट मारली आणि उरलेले दोन घेऊन पायरीवर जाऊन बसली, सगळ्यांकडे पाठ करून. ओथाने परातीत मूठभर बिनमिठाचं कोरडं पीठ टाकलं, ते हाताने नीट मिसळलं आणि राहिलेले दहा तुकडे त्यात घोळवायला घेतले.