आनंदराज पंचाच्या मुठीतला प्याला

मी एक जुना पितळी प्याला आहे, मित्रांनो, आणि मी चिडलेला आहे. प्याल्यानं चिडू नये असं तुम्हाला कुणी शिकवलं असेल, तर ते विसरा.

कंधारच्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं आणि आतून कल्हई लावली. बिलोलीकडच्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीनं मला बाजारातून आणलं. पत्र्याचं चर्च, खाली सतरंज्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्यात द्राक्षरस ओतायचे. येशू आपल्यासाठी मेला, त्याची ती आठवण. शेतमजूर, मास्तर, ओली बाळंतीण, सगळे एकाच काठाला ओठ लावायचे. माझ्याएवढा मान पंचक्रोशीत कुठल्या भांड्याला नव्हता.

मग आनंदराज मंडळीचा पंच झाला. चर्चची जागा त्याच्या बापानं दिलेली. त्याच्यापुढे तोंड कोण उघडणार? त्यानं भिंतीवर नियमांचा कागद डकवला. जत्रेतलं बळीचं मटण खाल्लं, प्याला बंद. रविवारी कापूस वेचला, प्याला बंद. निम्म्या माणसांपुढून मी नुसता मिरवत जाऊ लागलो. मी भरलेला आणि माणसं कोरडी! लाज वाटायची मला.

गेल्या महिन्यात सगुणाबाई पुढे आली. तिच्या पोटात गाठ. दुसऱ्या दिवशी नांदेडला ऑपरेशन होतं. जाण्याआधी तिला एक घोट हवा होता, एवढंच. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी मला पुढे केलं, तोच आनंदराजनं मला वरून गच्च धरलं.

“हिला न्हाई. भावाच्या दहाव्याला गेली व्हती. पिंडापुढं हात जोडले हिनं.”



“जोडले,” सगुणाबाई म्हणाली. “कावळा शिवंना, दादा. ऊन डोक्यावर आलं. म्या म्हनलं, जा रे भाऊ, तुझ्या लेकरांस्नी मी बघते. मंग शिवला.”

“नियम मोडलास. तीन महिने मागं बस, मंग बघू.”

“उद्या माझं पोट फाडनार, अन् तू तारखा देऊन राहिलास? तहसीलीतला बाबू हायस का?”

मागे बायका फिसकन हसल्या. आनंदराजची मूठ आणखी आवळली.

“मंग नियम कशाला हायेत? शोभेला?”

तिनं पिशवीतून दवाखान्याचा कागद काढला. “ह्यो रिपोर्ट. गाठ हाय म्हनून ह्यानंच सांगितलं. लई खरा हाय. पर ह्यो चाटून गाठ जाती का? तुजा नियम बी तसाच. म्या पाळलं म्हनून मागत न्हाई रं. मला पाळनं जमलंच न्हाई. म्हनूनच मागून राहिले.”

पाळकसाहेब नवे, भित्रे. तरी ते बोलले, “मावशी खरं बोलून राहिल्यात. पाळून भागलं असतं, तर प्रभूला मरायची काय गरज व्हती? सोडा, पंच.”

पंच सोडेना. ओढाताणीत रस त्याच्या पांढऱ्या बाहीवर सांडला. मी आता पालथाच होणार असं वाटलं. तेवढ्यात सगुणाबाई वाकली आणि मी त्या दोघांच्या हातांत असतानाच तिनं माझ्या काठाला ओठ लावले.

आनंदराजची मूठ सुटली. मागच्या सतरंजीवरची माणसं एकेक करून उठली आणि पुढे आली. सगळ्यांचं झाल्यावर तळाशी एक घोट उरला. सगुणाबाईनं मला आनंदराजपुढे धरलं.

“घे दादा. तुज्यासाठी बी हाय.”

“मला गरज न्हाई. म्या समदं पाळलंय.”

त्या रविवारी एकच माणूस कोरड्या तोंडानं घरी गेला. सगळं पाळणारा.

सगुणाबाई अजून दवाखान्यात आहे. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. मी प्याला आहे, डॉक्टर नाही.

मित्रांनो, मला चिंचेनं घासा, मऊ फडक्यानं पुसा, पोचा आला तर ठोकून घ्या. पण समोरचा लायक आहे का, हे तपासून मला पुढे करू नका. लायक माणूस मी आजवर एकही पाहिलेला नाही. येईल त्याला द्या. आनंदराज आला तर, माझा राग मी गिळतो, त्याला आधी द्या.