विचाराल तेवढेच

नातीचे बारसे गुवाहाटीला होते आणि जावयाच्या पैशाने प्रवास करायचा नाही, हा सोलापूरच्या विजयमालाबाईंचा जुना बाणा होता. लेकीकडे विमानाने वरचेवर गेल्यामुळे त्यांच्या नावावर विमान कंपनीचे, फुकट तिकिटाला चालणारे भरपूर पॉइंट साठले होते. पण त्या पॉइंटांवर कोणत्या विमानात जागा मिळेल, हे वेबसाइटवर दाखवणे कंपनीने अलीकडे बंद केले होते. अखेर त्यांनी कंपनीला फोन लावला.

“पुण्याहून बारशाआधी एकही जागा नाही, मॅडम,” पलीकडची मुलगी म्हणाली.

“मग कुठून आहे, ते सांग.”

“आपण विचाराल तेवढंच सांगायचं, असा नियम आहे.”

“मी मुख्याध्यापिका होते. असं शिकवलं असतं, तर पालकांनी शाळा डोक्यावर घेतली असती!”

मुलगी खुदकन हसली. मग हलकेच म्हणाली, “आजी, अजून विचारा ना. पुणंच हवं असं थोडंच आहे?”

विजयमालाबाई सावरून बसल्या. रेल्वेने हैदराबाद तरी कुठे लांब होते?

“हैदराबादहून?”

“आहे!” मुलगी जवळजवळ ओरडलीच.

तिकीट निघाले. विजयमालाबाईंनी त्याचा नंबर वहीत उतरवून घेतला.

“तुझ्या साहेबांना तुझं कौतुक कळवते.”

“नको हो आजी, नोकरी जाईल!”

“बरं, मग देवालाच कळवते. तो तरी नियम न विचारता ऐकून घेतो.”