दाढेपुरती डॉक्टर

घरात डॉक्टर दोन होते, पण "डॉक्टर" अशी हाक आली की वळायचा तो दादाच. आई पाहुण्यांना सांगायची, "हा आमचा डॉक्टर, आणि ही दातांचं बघते." धाकटीनं ते पोटात घालायला केव्हाच शिकून घेतलं होतं.

दाढ मोडली तेव्हा दादा तिच्या दवाखान्यात आला तो नाइलाजानंच. "लवकर आवर. माझे पेशंट ताटकळलेत."

तिनं दिवा खाली ओढला, आरसा आत घातला आणि तिचा हात थबकला. मोडकी दाढ राहिली बाजूला, सगळेच दात कानशीनं घासल्यासारखे सपाट झाले होते. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे उमटले होते. टाळू इतका खाली उतरलेला की पडजीभ दिसतच नव्हती. माप घ्यायचा मसाला कालवायला ती वळली, तेवढ्यात दादाला भर दिवसा, दिव्याच्या झोतात झोप लागली. घोरणं सुरू झालं आणि मध्येच तुटलं. छाती हलत होती, पण श्वास आत जात नव्हता. ती त्याला हलवणार तोच तो हिसका बसल्यासारखा जागा झाला.

"काय बघतेस?"

"दादा, झोपेत तुझा श्वास अडकतो. आत्ता माझ्यासमोर अडकला. झोपेची तपासणी करून घे."

"स्लीप ॲप्निया? मला?" दादा हसला. "अगं, तो जाड्या माणसांचा आजार. माझ्या अंगावर मांस तरी आहे का?"

"जबडा लहान असला की बारीक माणसालाही होतो. तुझी हनुवटी बघ, किती मागे आहे. झोपेत जीभ मागे पडते आणि..."

"तू दाढेपुरतं बघ. बाकीचं मला कळतं."

"निदान वहिनींना विचारते, रात्री तुझं..."

"तिच्या कानावर काही घालायचं नाही." दादा खुर्चीत ताठ झाला. "उगाच माझा जीव खाईल. कळलं?"

तो आवाज लहानपणापासूनचा होता, आणि "हो" म्हणायची सवयही तेव्हाचीच. नंतर तिनं फोनवर पुन्हा विषय काढून पाहिला. दादानं तो उडवून लावला, आणि पुढे पुढे तर तिचा फोनच घेईनासा झाला.

मग एकदा, नातेवाइकांकडून परतताना, लख्ख उन्हात, सरळ मोकळ्या रस्त्यावर दादाची गाडी झाडावर आदळली. त्याला नुसतं खरचटलं. शेजारी बसलेल्या वहिनीचा पाय मांडीपासून कापावा लागला. वहिनी शाळेत मुलींना खेळ शिकवायची.

कुत्रं आडवं आलं, असं दादा सगळ्यांना सांगत राहिला. त्याच्या एका डॉक्टर मित्राला मात्र ते पटलं नाही. रस्त्यावर ब्रेकची खूणसुद्धा नव्हती. त्यानं दादाला धरूनच झोपेच्या तपासणीला नेलं, आणि धाकटीनं सांगितलेलाच आजार निघाला. रात्रभर नाकात हवा ढकलणाऱ्या मास्कनं दादाचा जीव घुसमटायचा, म्हणून जबडा पुढे धरून ठेवणारा साचा दातांवर बसवायचं ठरलं. तो साचा दादानं गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दंतवैद्याकडून करून घेतला.

"मित्राच्या लक्षात आलं म्हणून बरं गं," आई धाकटीला म्हणाली. "एरवी कुणाला सुचलं असतं?"

धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. ती घालतच राहिली.

वहिनी अजून हॉस्पिटलातच होती. धाकटी तिला भेटायला गेली तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं. वहिनीनं आढेवेढे न घेता विचारलं, "ह्यांचे दात तूच बघतेस ना?"

"हो."

"मग तुला काहीच दिसलं नाही?"

नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. "दिसलं होतं. दादाला सांगितलं होतं. परत परत सांगितलं."

"आणि मला?"

"त्यानं नको म्हटलं."

वहिनी चादरीकडे बघत राहिली. एका बाजूला चादर सपाट पडली होती. "गाडीत शेजारी बसणार मी, आणि सांगितलंस तू त्यांना."

"वहिनी, तुम्ही म्हणाल ते..."

"त्यांच्याशी कशी भांडू? आता उठायचं बसायचं ते त्यांच्याच खांद्याला धरून. तुझ्यावर मात्र मला रागावता येईल, धाकटे. तेवढं एक राहिलंय माझ्या हातात." मग कूस बदलायचा प्रयत्न करत ती म्हणाली, "जाताना दार ओढून घे."

वहिनीनं शब्द पाळला. पुढे धाकटी दादाच्या घरी गेली की ती आतल्या खोलीत असायची, आणि ते दार लोटलेलं असायचं.

वर्ष उलटलं. दादाचा साचा तडकला आणि त्याचा तो दंतवैद्य नेमका परगावी गेलेला. दादा धाकटीकडे आला. तिनं तडा जोडला, कडा घासून गुळगुळीत केल्या, साचा त्याच्या दातांवर बसवून जबडा उघडमीट करून पाहिला. कुठे टोचत नव्हतं. काम चोख झालं होतं.

"याच्यानं झोप मस्त लागते बघ," साचा डबीत ठेवत दादा म्हणाला. "सकाळी कसं अगदी ताजंतवानं वाटतं."

"वहिनी कशा आहेत?"

"आहे," दादा म्हणाला, आणि वाजणारा फोन कानाला लावून बाहेर पडला.

धाकटीनं हातमोजे काढले, हात धुतले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.